दाराची बेल, सतरंजी आणि फटाके: घरच्या कुत्र्याला शिकवण्याची क्रमवार पद्धत

बेल वाजली की घरातलं कुत्रं दाराकडे धावतं आणि भुंकत सुटतं. आपल्याला ही एकच खोड वाटते, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. बेल कानावर पडताच कुत्र्याचं अंग ताठ होतं, कान टवकारतात, श्वास वाढतो. हे ते ठरवून करत नाही, आपसूक होतं. दुसरी गोष्ट अशी, की ते भुंकतं आणि कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. कुत्र्याच्या लेखी भुंकण्याचा उपयोग झाला, म्हणून पुढच्या वेळी ते आणखी जोरात भुंकतं.

पहिल्या प्रकारच्या शिकण्याला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात, दुसऱ्याला साधक अभिसंधान. पहिल्याचा अभ्यास रशियात इव्हान पावलॉव्ह यांनी केला. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्याच कामात त्यांच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते घेऊन येणारा माणूस दिसला तरी कुत्र्यांना लाळ सुटते. दुसऱ्याची सुरुवात अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी केली. त्यांनी मांजरांना पेटीत कोंडून सुटकेच्या युक्त्या शिकताना पाहिलं आणि १८९८ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून त्याची बारीक मांडणी केली.

घरी शिकवताना यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भावना बदलायची असेल, तर कुत्रं काहीही करत असलं तरी खाऊ द्यायचा. कृती बदलायची असेल, तर ती कृती झाल्यावरच द्यायचा. बहुतेक घरांत नेमकी इथे उलटापालट होते. घाबरून थरथरणाऱ्या कुत्र्याला आधी ‘सिट’ करायला लावतात आणि मिनिटभर भुंकलेल्याला गप्प करायला बिस्किट टाकतात.

लागणारं साहित्य

- खाऊ: मीठ-मसाला न घातलेलं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, पनीर किंवा उकडलेलं अंडं. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. लहान जातीच्या कुत्र्याला त्याहून निम्मा. दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त खाऊ नको, आणि जेवढा दिला तेवढं जेवण कमी करा. पनीरनं काहींचं पोट बिघडतं, म्हणून आधी थोडंसं देऊन बघा.
- कमरेला बांधायची छोटी पिशवी, म्हणजे खाऊ पटकन हातात येतो.
- एक क्लिकर. नसेल तर टक् आवाज करणारं बॉलपेन चालतं.
- साधा सहा फुटी पट्टा आणि छातीवरून जाणारा हार्नेस. गळ्याला आवळणारा पट्टा किंवा काट्यांची साखळी नको.
- दुमडलेली सतरंजी किंवा जुनी गोधडी. ती फक्त या कामासाठी ठेवा, एरवी उचलून ठेवा.
- तुमच्याच दाराच्या बेलचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग.
- एक वही.
- लसीकरणाची वही आणि असतील तर जुने रिपोर्ट. डॉक्टरांना किंवा प्रशिक्षकाला दाखवायला लागतात.

द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली शुगर-फ्री गोळी कुत्र्याला कधीच द्यायची नाही. खिचडीतल्या फोडणीचा कांदासुद्धा नको.

आधी शांत असलेलं कुत्रं अचानक आवाजाला दचकायला किंवा अंगावर यायला लागलं, तर शिकवणी सुरू करण्याआधी पशुवैद्यांकडे न्या. सांधे, कान किंवा दात दुखत असले की कुत्रं चिडचिडं होतं, आणि दुखण्यावर खाऊ हा इलाज नाही.

१. आठवडाभर फक्त नोंदी ठेवा

वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, कुत्र्यानं काय केलं, नंतर काय झालं. नोंद अशी दिसेल: ‘सकाळी ६:४०. लिफ्टचं दार वाजलं, मग बेल. भुंकत सेफ्टी डोअरपर्यंत गेला. दूधवाला पिशवी अडकवून गेला.’ चार-पाच नोंदी झाल्या की कळतं, की कुत्रं बेलच्याही आधी, लिफ्टच्या दाराच्या आवाजालाच उठतं. म्हणजे बेलची खूण लिफ्टनं आधीच दिलेली असते. असं असेल, तर पुढचं सगळं काम लिफ्टच्या आवाजापासून सुरू करावं लागेल. नाहीतर तुम्ही बेलवर महिनाभर राबाल आणि कुत्रं त्याआधीच तापलेलं असेल.

तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात. खरं उत्तर बहुधा तिथेच असतं. भुंकल्यावर कोण निघून गेलं, कुणी हाक मारली, कुणी उचलून घेतलं, हे सगळं लिहा. आपण ‘गप्प बस’ म्हणून ओरडतो, ते दिवसभर एकट्या बसलेल्या कुत्र्याला लक्ष मिळाल्यासारखंच वाटू शकतं.

भीती आहे की नुसती सवय, हे ओळखायचं कसं? नाकासमोर चिकन धरा. एरवी चिकनवर तुटून पडणारं कुत्रं तोंड फिरवत असेल, तर ते घाबरलेलं आहे. शेपटी पोटाखाली, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, झोप नसताना जांभया, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, उकाडा नसताना धापा टाकणं ही भीतीची लक्षणं घरच्या सगळ्यांना ओळखता आली पाहिजेत.

२. ‘टक्’ला किंमत द्या

शांत खोली, पंधरा-वीस तुकडे. पेन टक् वाजवा आणि एका सेकंदाच्या आत तुकडा द्या. कुत्र्यानं काहीही करायची गरज नाही. दोन ‘टक्’मधलं अंतर सारखं ठेवू नका, कधी पाच सेकंद, कधी वीस. दोन-तीन बैठकी झाल्या की कुत्रं दुसरीकडे बघत असताना टक् करा. मान झटकन तुमच्याकडे वळली, तर आवाजाला अर्थ आला.

एवढा खटाटोप कशासाठी? कृती झाल्यावर तुकडा तोंडात पडेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात कुत्रं दुसरंच काहीतरी करतं. टक् हा आवाज ती नेमकी घडी पकडतो.

इथे हमखास होणारी गफलत म्हणजे हात आधी पिशवीत जातो आणि आवाज नंतर होतो. मग कुत्रं हाताकडेच बघायला शिकतं, कारण खाऊची बातमी त्याला हातानं आधीच दिलेली असते. हात पाठीमागे किंवा बाजूला मोकळा ठेवा. आधी टक्, मग हात हलवा.

३. बेलचा अर्थ बदला

हा टप्पा भावनेचा आहे, म्हणून खाऊला कोणतीही अट नाही. मोबाइलवर बेलचं रेकॉर्डिंग इतक्या हळू आवाजात लावा, की कुत्र्याचा कान हलेल पण ते उठणार नाही. बेल वाजली, एक सेकंद गेला, तुकडा. टक् करायचं नाही. एका बैठकीत दहा वेळा, दिवसाला दोन बैठकी.

क्रम पाळा. बेल आधी, खाऊ नंतर. तुकडा आधी दाखवून मग बेल वाजवली तर बेल कशाचीच खूण होत नाही, आणि घाबरट कुत्र्याच्या बाबतीत उलटाच अनर्थ होतो: चिकन दिसलं की आता काहीतरी वाईट होणार, असं ते शिकतं. दोन्ही अगदी एकाच वेळी आले तरी शिकणं कच्चं राहतं.

दुसरी अट विश्वासाची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कॉर्ला यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर दाखवून दिलं, की दोन गोष्टी नुसत्या बरोबर येणं पुरत नाही. खुणेशिवायही तीच गोष्ट तितक्याच वेळा घडत असेल, तर खुणेला अर्थ राहत नाही. घरात याचा अर्थ असा, की हे काम चालू असेपर्यंत चिकन फक्त बेलनंतर आणि ठरलेल्या शिकवणीतच मिळेल. उठताबसता मिळणार नाही.

आणि खरी बेल? ती खाऊशिवाय दिवसातून सात वेळा वाजत राहिली, तर केलेलं काम धुऊन जाईल. म्हणून दोन-तीन आठवडे बेलचं बटण बंद करा किंवा सेल काढून ठेवा. दारावर कागद लावा: ‘कृपया बेल वाजवू नये, फोन करावा.’ दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या ताई आणि वॉचमन यांना तोंडी सांगा. कागद कुणी वाचत नाही.

बेल वाजल्यावर कुत्रं दाराऐवजी तुमच्याकडे बघायला लागलं, की आवाज एक पायरी वाढवा. वाढवल्यावर ते उठलं किंवा भुंकलं, तर पायरी मोठी झाली. तुकडा तरीही द्या आणि पुढच्या वेळी मागच्या पायरीवर या. पूर्ण आवाजाला शांत राहायला लागल्यावर घरातल्या कुणाला तरी बाहेर उभं करून खरी बेल वाजवा. मोबाइलवरची बेल आणि भिंतीवरची बेल कुत्र्याच्या कानाला सारखी नसते, म्हणून इथे थोडी घसरण होणारच.

४. सतरंजी शिकवा

आता कृतीची पाळी. इथे तुकडा कमवावा लागतो. दारापासून लांब सतरंजी अंथरा आणि बोलू नका. ‘ये, ये, इकडे बस’ असं काही नाही. कुत्र्यानं सतरंजीकडे पाहिलं, टक् आणि तुकडा. तुकडा सतरंजीवर ठेवा, म्हणजे ती जागाच चांगली वाटायला लागते. पुढची पायरी एक पाय सतरंजीवर, मग दोन पाय, मग चारही, मग बसणं, शेवटी अंग टाकून पडणं.

पायरी कधी बदलायची? दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढे जा. सहा-सात वेळा जमलं तर तिथेच थांबा. पाच किंवा कमी असेल तर एक पायरी मागे या. बैठक तीन ते पाच मिनिटांची. जमलेल्या प्रयत्नावर संपवा, कुत्रं कंटाळून निघून जायची वाट बघू नका.

चारही पाय दहापैकी आठ वेळा आले, की मग शब्द जोडा. कुत्रं सतरंजीकडे निघणार असं दिसलं, की त्याच्या आधी ‘जागेवर’ म्हणा. शब्द एकदाच. ‘जागेवर, जागेवर, अरे जागेवर ना’ असं म्हटलं तर कुत्रं तिसऱ्या हाकेला उठायला शिकतं.

मग तीन गोष्टी वाढवायच्या: किती वेळ पडून राहायचं, तुम्ही किती लांब जायचं आणि आजूबाजूला किती गडबड असेल. एका वेळी एकच वाढवा, बाकीच्या दोन सोप्या ठेवा. वेळ सारखा चढत नेऊ नका. दोन सेकंद, पाच, तीन, आठ, दोन, दहा असं मागेपुढे करा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कठीणच होत गेलं, तर कुत्रं मध्येच सोडून देतं. दाराच्या कडीला हात लावणं, कडी काढणं, दार बोटभर उघडणं, पूर्ण उघडणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. लोक पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारतात आणि मग कुत्र्याला हट्टी ठरवतात.

५. दोन्ही धागे जोडा

बेल, एक सेकंद, ‘जागेवर’, कुत्रं सतरंजीवर, टक्, तुकडा. नवी खूण आधी आणि जुनी नंतर, हाच क्रम. बेल आणि शब्द एकदम आले तर कुत्रं ओळखीचा शब्दच ऐकतं आणि बेलचं काही शिकत नाही. बऱ्याच पुनरावृत्तींनंतर ते शब्दाची वाट न बघता बेल ऐकूनच सतरंजीकडे निघतं. त्या पहिल्या वेळी चार-पाच तुकडे एकामागून एक द्या.

एखाद-दुसरं भुंकणं राहिलं तर राहू द्या. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी पुढे प्राणी शिकवण्याचाच व्यवसाय केला, आणि १९६१ मध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की खाऊ देऊनही प्राणी आपल्या उपजत वागण्याकडे घसरतात. त्यांच्या रकूननं (हा अमेरिकेतला एक लहान सस्तन प्राणी) शिकवल्याप्रमाणे नाणी डब्यात टाकायची सोडून अन्न चोळावं तशी हातात चोळत बसायला सुरुवात केली. दारावर कोण आलं हे सांगणं गावठी कुत्र्याच्या रक्तात आहे. दोनदा भुंकून सतरंजीवर जाणारं कुत्रं उत्तम शिकलेलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. खाऊ कमी करताना

शिकताना प्रत्येक वेळी तुकडा द्या. पक्कं झाल्यावर कधी दुसऱ्या वेळी, कधी चौथ्या वेळी, कधी लागोपाठ दोनदा. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या कबुतरांच्या प्रयोगांत अशा अनियमित बक्षिसाची कृती सगळ्यात चिवट ठरली. पण खाऊ एकदम बंद करू नका.

हाच नियम नकळत उलटही चालतो. आपण जेवताना पंजानं आपला पाय खाजवून मागणाऱ्या कुत्र्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि आजी आठवड्यातून दोनदा पोळीचा तुकडा टाकतात. कुत्र्याची मागणी त्यामुळे कमी होत नाही, उलट पक्की होते. आजींना तुकडा द्यायचाच असेल, तर जेवण झाल्यावर, कुत्र्याच्या भांड्यात, ते शांत असताना द्यायला सांगा. त्यांचाही मान राहतो.

घरात सगळ्यांनी दुर्लक्ष करायचं ठरवलं, की पहिले काही दिवस मागणी वाढते. जास्त भुंकणं, पंजा मारणं, ताट ढोसणं. आधी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की प्राणी ती जोरात करून बघतो. या काळात एकदा जरी कुणी विरघळलं, तर जोरात मागितलं की मिळतं हे कुत्रं शिकतं. तेवढी तयारी नसेल तर दुर्लक्षाचा उपाय सुरूच करू नका.

बेलच्या भुंकण्यावर नुसतं दुर्लक्ष उपयोगी नाही. तिथलं बक्षीस तुमच्या हातात नाही. कुरिअरवाला निघून जातो तेच बक्षीस असतं.

७. फटाके

फटाक्यांचं काम पूर्ण भावनेचं. सतरंजी, ‘सिट’, शिस्त यातलं काही मध्ये आणू नका. १९२४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून, हळूहळू जवळ आणायचा. भीती शेवटी गेली. आपल्याला हेच आवाजाच्या बाबतीत करायचंय.

दिवाळीच्या निदान तीन महिने आधी सुरू करा. मध्ये दहीहंडी आणि गणपती येतात, तेव्हा ढोल-ताशे आणि फटाके होणारच, हे धरून चाला. फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा. आवाज, एक सेकंद, चिकन. आवाज संपला की चिकनही बंद. आवाज वाढवायची घाई नको. आठवड्यात एक-दोन पायऱ्या पुष्कळ झाल्या. कुत्र्यानं खाणं थांबवलं की त्या दिवशीची बैठक संपली, आणि पुढची त्याहून हळू आवाजात सुरू करा.

मोबाइलवरून सुतळी बॉम्बचा हादरा येत नाही, दारूचा वास येत नाही, खिडकीवर उजेड पडत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगला शांत असलेलं कुत्रं खऱ्या फटाक्याला दचकेल. तरी केलेलं काम वाया जात नाही, भीती कमी तीव्र असते आणि लवकर उतरते.

प्रत्यक्ष दिवाळीत:

- संध्याकाळचं फिरणं उजेड असतानाच उरका. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस दोन्ही लावा; घाबरलेलं कुत्रं नुसत्या पट्ट्यातून मान सोडवून पळतं. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला असू द्या.
- रस्त्यापासून लांबची खोली, खिडक्या आणि पडदे बंद, पंखा चालू, टीव्ही किंवा रेडिओ नेहमीच्या आवाजात.
- पलंगाखाली जाऊन बसलं तर बसू द्या. ओढून बाहेर काढू नका.
- प्रत्येक मोठ्या आवाजानंतर तुकडा, खात असेल तोवर.
- जवळ येऊन बिलगलं तर कुशीत घ्या. जवळ घेतल्यानं भीतीला बक्षीस मिळतं हा गैरसमज आहे. भीती ही काही मिळवण्यासाठी केलेली कृती नाही.

‘गच्चीवर नेऊन फटाके दाखवा, सवय होईल’ हा सल्ला ऐकू नका. भीतीत कोंडल्यानं ती वाढण्याचीच शक्यता जास्त. मागच्या वर्षी कुत्रं तासन्‌तास थरथरलं असेल, खाणंपिणं सोडलं असेल किंवा दार फोडायला निघालं असेल, तर महिनाभर आधी पशुवैद्यांना भेटा. आवाजाच्या भीतीवर औषधं असतात, आणि काही आधी एकदा देऊन बघावी लागतात. माणसांची झोपेची गोळी अंदाजानं देणं जिवावर बेतू शकतं.

८. मारणं, ओरडणं, शॉकची कॉलर

पाहुणा आला, कुत्रं गुरगुरलं, वर्तमानपत्राची सुरळी पाठीत बसली. कुत्र्यानं गुरगुरायचं नाही हे शिकलं असं आपल्याला वाटतं. पावलॉव्हच्या नियमानं ते आणखी काहीतरी शिकतं: पाहुणा आला की मार बसतो. पाहुण्याबद्दलची भीती वाढली आणि ती सांगायची सोय गेली. असं कुत्रं पुढे गुरगुरल्याशिवाय चावतं. घरात लहान मूल असेल तर हा धोका फार मोठा आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला अंतर द्या, प्रसंग वहीत लिहा आणि तिसऱ्या टप्प्यावर परत या.

आतापर्यंत एकदाही दात लागले असतील, तर हा लेख बाजूला ठेवून पशुवैद्य आणि वर्तनाची जाण असलेला प्रशिक्षक गाठा. पहिल्या भेटीतच विचारा, की कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता. झटका, हिसका किंवा ‘आधी त्याला मालक कोण ते दाखवू’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

९. विसर पडल्यावर

शांत झालेली भीती मधल्या विश्रांतीनंतर आपोआप थोडी परत येते. बंद पडलेली लाळ अशीच परत सुटते, हे पावलॉव्ह यांनाही दिसलं होतं. गावी महिनाभर राहून आलात, बेल बदलली, घर बदललं, की कुत्रं पुन्हा भुंकेल. घाबरू नका आणि सगळं पहिल्यापासून करू नका. हळू आवाजातल्या दोन-तीन बैठकी घ्या, सतरंजी दारापासून लांब ठेवा आणि पहिले काही पाहुणे येतील तेव्हा कुत्र्याला प्रत्येक वेळी तुकडा द्यायला तयार राहा. दुसऱ्या वेळी कुत्रं पहिल्यापेक्षा लवकर शिकतं. वहीत शेवटच्या पायरीची तारीख आणि आवाजाची पातळी लिहिलेली असेल, तर कुठून सुरू करायचं ते शोधावं लागत नाही.